सासूला सांग

पिर्लीकुर्लूत लॉर्ना नुंगारायीला ओळखत नाही असं एकही माणूस नाही आणि एकही कुत्रं नाही. दुकानाच्या ओसरीवर ती बसली की गावची कुत्री तिच्याभोवती गोळा होतात आणि गावच्या बातम्याही. शहरातून आलेल्या एका पाहुण्याने तिला एकदा विचारलं, "आजी, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?" लॉर्नाने तोंडातली रानतंबाखूची गोळी या गालातून त्या गालात सारली आणि म्हणाली, "इकडचं तिकडे सांगितलं." पाहुण्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. थट्टा कसली? त्या कामाचा तिला पगार होता.

ते कसं झालं हे सांगायचं तर तिच्या मावशीपासून सुरुवात करावी लागेल. मावशी गेल्या हिवाळ्यात वारली, म्हणून तिचं नाव इथे येणार नाही. गेलेल्याचं नाव घेणं म्हणजे वाटेला लागलेल्याला मागून हाक मारणं. त्याच नावाची एक बाई दवाखान्यात झाडलोट करते, तिलाही सध्या सगळे 'कुमुन्जायी' म्हणतात, म्हणजे बिननावाची. ती बिचारी चार महिने झाले हाकेला ओ देताना गोंधळते आहे.

मावशी रक्ताची नव्हती. गोरी होती, दक्षिणेकडच्या शहरातल्या विद्यापीठातली. जमीन खणून जुन्या माणसांचा माग काढायचा हा तिचा धंदा. त्या काळी शहाण्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की फार फार पूर्वी जग गारठलं, पाऊस आटला, तेव्हा या वाळवंटात माणूस राहणं शक्यच नव्हतं. आमचे लोक मागाहून कधीतरी इथे आले असणार. या एका बाईला ते पटत नव्हतं. तिचेच सोबती तिला हसले. ती एकटी जुनाट टोयोटा चालवत आली, डोंगराच्या कपारीतल्या गुहेत खणू का म्हणून विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत गावाबाहेरच्या झाडाखाली बसून राहिली. तिच्याआधी आलेल्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी खणलं, पेट्या भरल्या आणि गेले.

लॉर्नाची आई, थोरली नाकामारा, रोज तिला बघत होती. एका सकाळी ती उठली, झाडाखाली जाऊन बसली आणि परत येऊन म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. चालते कशी बघा, पाय आत टाकत. अगदी आमच्या गेलेल्या धाकटीसारखी."

झालं. आमच्यात नुसत्या नावावर भागत नाही. प्रत्येकाला गोताचं नाव लागतं, नाकामारा, नुंगारायी, जांगाला असं. ते कळलं की कोण काका, कोण आत्या, कोणाची थट्टा करायची आणि कोणाला बघून पळायचं, सगळं कळतं. गोरी बाई धाकटी नाकामारा झाली. लॉर्नाला मावशी मिळाली. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, इथे तर माय धडधाकट असून वर मावशी आली. त्या दिवशी कांगारूची शेपटी भाजली, डँपरच्या जाड रोट्या राखेत टाकल्या, सगळे खूश.

खुशीच्या भरात एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. गुहा जांगालाच्या बापाच्या मुलखातली. तिथे कुदळ लावायची तर ती जांगालानेच, हे आधीच ठरलेलं. आणि हा जांगाला म्हणजे लॉर्नाचा नवा नवरा. आईची बहीण ती आईच. म्हणजे गोरी बाई जांगालाची सासू झाली.

जावयाने सासूकडे बघायचं नसतं. बोलायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही, एका गाडीत तर नाहीच. ती या वाटेने आली तर त्याने त्या वाटेने जायचं. यात राग नाही, मान आहे. आणि बऱ्याच जावयांना विचाराल तर सुखही आहे. दुसऱ्या दिवशी जांगाला कुदळ घेऊन आला, कोणीतरी त्याला ही नवी सोयरीक सांगितली, आणि तो आला तसाच वळून टेकडीमागे गेला.

लॉर्ना आईवर उखडली. "अगं, दुसरं काही नातं सुचलं नाही तुला? आत्या कर, नणंद कर. आता खणायचं कोणी?"

"बहीण म्हणजे काय चादर आहे, सकाळी बदलायला?" आई म्हणाली. "केली ती केली. तुझा नवरा, तू बघ."

लॉर्नाने बघितलं. गुहेच्या तोंडाशी दोन खुंट्या ठोकल्या आणि दवाखान्यातून आणलेलं एक राखाडी कांबळं आडवं टांगलं. आत जांगाला खड्ड्यात, बाहेर मावशी चाळणीपाशी आणि कांबळ्याच्या कडेला मध्ये लॉर्ना. आतून मातीची बादली यायची, ती हिने चाळायला बाहेर द्यायची. आणि बादलीबरोबर बोलणं. याचाच तिला विद्यापीठाकडून पगार.

"सासूला सांग, मातीचा रंग बदलला."

"मावशी, जावई म्हणतो, रंग बदलला."

"कसा झाला, विचार. नीट बघून सांग म्हणावं."

"मावशी विचारते, कसा झाला?"

"राखाडी. आणि माझे डोळे फुटलेले नाहीत म्हणावं."

"राखाडी, मावशी. आणि तू अजिबात काळजी करू नकोस म्हणतो."

असं वर्षानुवर्षं चाललं. जांगालाच्या शिव्या लॉर्ना कांबळ्याशी अडवायची आणि मावशीच्या टोमण्यांना साखर लावून आत सोडायची. वास्तविक जांगालाने गोऱ्यांच्या गुरांमागे घोड्यावर काम केलेलं, त्याला इंग्रजी चांगलं कळे. मावशीही आमची भाषा दोन हिवाळ्यांत शिकली. आणि कांबळं ते केवढं. एकदा घसा बसल्यावर लॉर्ना चिडून नवऱ्याला म्हणाली, "तुला सगळं ऐकू येतंय ना? मग मी कशाला ओरडत बसू?"

जांगाला शांतपणे म्हणाला, "ऐकू आलं. पण मला कुठे सांगितलं?"

मावशीची कामाची एक रीत होती. आतून काही लागल्याची खबर आली, घासून गुळगुळीत झालेला पाटा म्हणा, जळक्या चुलीचा काळा पट्टा म्हणा, की दुसऱ्या कोणी उडीच मारली असती. ही चाळणी खाली ठेवायची आणि म्हणायची, "आधी चहा." घाईत हात थरथरतो आणि थरथरत्या हाताने नको ते मोडतं. एवढा काळ थांबलेली चूल अजून एक कप थांबेल. मग गुहेपासून दूर दोन जाळ पेटायचे, एक सासूचा आणि एक आणखी लांब, टेकडीच्या अंगाला, जावयाचा. दोन्हीकडे पत्र्याच्या डब्यात चहा उकळायचा. लॉर्ना दोन्हीकडचा प्यायची, त्यामुळे सगळ्या कामात तिचीच प्रकृती सुधारली.

त्या चुलींतला कोळसा मावशीने शहरात नेऊन त्याचं वय काढून घेतलं. जग गारठलेलं असताना, पाऊस आटलेला असताना इथे माणसं चूल पेटवत होती, दाणे वाटत होती, हे त्या कोळशाने सांगितलं. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मावशी ही बातमी सांगायला उड्या मारत आली, तेव्हा थोरली नाकामारा रताळी सोलत होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," थोरली म्हणाली. "आम्ही इथेच होतो हे पहिल्या दिवशी मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं."

"ताई, ते लोक तुझं ऐकत नाहीत. कोळशाचं ऐकतात."

"मग त्या कोळशालाच म्हणावं, रताळी सोल."

लॉर्ना मात्र त्या रात्री हसली नाही. आपण मध्ये उभं राहून जे इकडचं तिकडे केलं त्यातून आपल्याच आजी-पणज्यांचा पत्ता लागला, हे तिला फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

पण तिच्या हातून एक घोटाळाही झाला होता. दुसऱ्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. लॉर्नाचं पोर अंगावर पीत होतं. तिने एका डब्यात निखारे घेतले आणि गुहेच्या कोपऱ्यात ठेवले. वारा फिरला, डब्यातली राख उडाली आणि उघड्या खड्ड्यात जाऊन बसली. आजची राख जुन्या राखेत मिसळली की कोळसा खोटं बोलतो. त्या हिवाळ्याचं सगळं काम मावशीने फेकून दिलं. ओरडली नाही. खडकाच्या मागे गेली आणि तिथे रडली. लॉर्नाने ते बघितलं.

तिने मावशीचा हात धरला. "मावशी, मी जिवंत असेपर्यंत या गुहेत बाहेरची चिमूटभर राख येणार नाही."

हे तिने पाळलं, आणि कसं पाळलं म्हणता! पहिली कुऱ्हाड नवऱ्यावर पडली. चुन्याशिवाय तंबाखू नाही तशी रानतंबाखू राखेशिवाय लागत नाही. जांगालाची राखेची डबी गुहेच्या आसपास बंद झाली. "सासूने जावयाची तंबाखू तोडली," असं तो गावभर सांगत फिरला. एकदा एक मंत्री गुहा बघायला आला. लॉर्नाने पुढे होऊन त्याच्या तोंडातली सिगारेट काढून घेतली आणि लांब नेऊन विझवली. मंत्र्याने विचारलं, ही बाई कोण? मावशी म्हणाली, "ही इथली मालकीण. मी तिच्याकडे कामाला आहे."

मावशी म्हातारी झाली तरी दर हिवाळ्यात यायची. नेलेली प्रत्येक वस्तू तिने परत आणली. दुसऱ्यांनी पूर्वी पेट्यांतून नेलेलीही भांडून परत आणवली. तिच्या हाताखाली शिकलेले आता विचारल्याशिवाय कुदळ उचलत नाहीत, आणि नाही म्हटलं तर चहा पिऊन परत जातात. शेवटी शेवटी ती काठी टेकत यायची, चाळणीपाशी बसायची आणि कांबळ्याकडे पाठ करून म्हणायची, "जावयाला विचार, गुडघे कसे आहेत?"

"म्हणतो, तुझ्यापेक्षा बरे."

हे मात्र लॉर्नाने न बदलता सांगितलं होतं, कारण मावशीला हसवायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात दुकानातला फोन वाजला. मावशीच्या हाताखाली तयार झालेली ब्रॉन्विन बोलत होती. रडण्याच्या भरात तिने मावशीचं पूर्ण नाव घेतलं. लॉर्नाने फोन ठेवून दिला. तो पुन्हा वाजला.

"तुझी मावशी गेली," ब्रॉन्विन म्हणाली.

"आता नीट बोललीस," लॉर्ना म्हणाली, आणि तिथेच ओसरीवर बसून तिने गळा काढला. बायका जमल्या. तिने केस कापले. दुखवट्याच्या जागी ती हवे तेवढे दिवस बसली.

मग दुसरा निरोप आला. मावशीने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं: माझी राख पिर्लीकुर्लूला न्या, गुहेत ठेवा. ब्रॉन्विन ती घेऊन येणार होती. आणि तीच गुहेतला खड्डा पुन्हा उघडणार होती, आताच्या नव्या यंत्रांनी आणखी खोल बघायला. दोन्ही गोष्टी एकाच गाडीतून निघाल्या होत्या.

लॉर्नाची झोप उडाली. मावशीचं मागणं मोडायचं, तर मावशी शहरातल्या कुठल्यातरी कपाटात एकटी बसणार. मोडायचं नाही, तर स्वतःच्या हाताने गुहेत राख टाकायची; तीही मावशीची, जिने एका चिमटीसाठी अख्ख्या हिवाळ्यावर पाणी सोडलं होतं. बरं, निवाडा देणार कोण? गुहा जांगालाची. हो किंवा नाही त्यानेच म्हणायचं. आणि हा पडला जावई. सासूबद्दल बोलणंही त्याला जड, त्यात ती गेलेली.

तरी तिने विचारलं. जांगाला ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, लांबवर थुंकला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. विद्यापीठाकडून फोन आला, गुहेच्या मालकांचा विरोध आहे का? लॉर्ना वैतागून म्हणाली, "विरोध नाही, जावई आहे."

ठरलेल्या सकाळी गाड्या आल्या. ब्रॉन्विनच्या मांडीवर लाकडी पेटी होती. सोबत विद्यापीठाचे एक मोठे साहेब होते, नवे, घाम पुसत उतरलेले. त्यांनी मागच्या गाडीतून एक फळी काढली. तिच्यावर मावशीचा भलामोठा फोटो आणि खाली नाव. साऱ्या बायकांनी एकदम तोंडं फिरवली; गेलेल्याचा फोटो बघणं हेही नाव घेण्यासारखंच.

"साहेब, ती पालथी घाल," लॉर्ना म्हणाली.

"आम्ही मुद्दाम करवून आणलीय," साहेब म्हणाले.

"छान झालीय पाठीमागून. तशीच ठेव."

ब्रॉन्विनने फळी पालथी घातली आणि वर आपलं जाकीट टाकलं. "मी यांना वाटेत सांगत होते," ती लॉर्नाच्या कानाशी म्हणाली, "पण हे वाटेत झोपले होते."

सगळे टेकडीकडे निघाले. पुढे बायका ओली पानं जाळून गेलेल्याच्या निरोपाचा धूर करत होत्या, वारा बघून, गुहेपासून लांब. लॉर्ना पेटीच्या बाजूने चालत होती आणि तिचे पाय ओढत होते. गुहेच्या तोंडाशी येईपर्यंत तिने ठरवलं. ती वळली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आत नाही," ती म्हणाली.

साहेब गोंधळले. "पण त्यांचीच इच्छा होती."

"इच्छा तिची, नियमही तिचाच. बाहेरची राख आत जाणार नाही असा मी तिला शब्द दिलाय. ती सांगायची तेव्हा मी मुकाट ऐकलं. आता मी सांगते, तिने ऐकावं." तिने पेटीकडे बघितलं. "मला काय हौस आहे का मावशीला दारातून परत पाठवायची?"

ब्रॉन्विन रडता रडता हसायला लागली. "मी एकदा बिस्किटाचा चुरा सांडला होता इथे. तर हिच्या मावशीने मला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. लॉर्नाचं बरोबर आहे. आत नाही ठेवता येणार." आणि तिने पेटी छातीशी घट्ट धरली, कारण आता ती कुठे ठेवायची हे तिलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात लॉर्नाचं लक्ष मागे गेलं. धुराच्या गडबडीत कोणी बघितलं नव्हतं. दोन जुन्या खुंट्यांवर कांबळं टांगलेलं होतं, तेच, कसरीने चाळण केलेलं. आणि त्याच्यामागून खाकरल्याचा आवाज आला.

"सासूला सांग," जांगाला म्हणाला.

साहेबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, ब्रॉन्विनने त्यांच्या दंडाला हात लावला.

"सासूला सांग, आतली जागा माझी. मी खणत होतो. तिची जागा बाहेर, चाळणीपाशी. खणलेली माती खड्ड्यात परत कधी सगळी मावत नाही. उरलेला ढीग तिथेच आहे, वर गवत उगवलंय. तो ढीग म्हणजे गुहाच आहे, नुसती बाहेर आलेली. एकूण एक ढेकूळ तिच्या हातातून गेलंय. तिथून कोणी कोळसा घेणार नाही, तिथल्या राखेने कोणाचं काही बिघडणार नाही." तो थांबला. मग म्हणाला, "तिथे बस म्हणावं. कोणी उठवणार नाही."

लॉर्ना पेटीकडे वळली. सवयीने तिच्या ओठांवर साखर आली होती, पण या खेपेला तिने पदरचं काहीच घातलं नाही. शब्दाला शब्द सांगितला.

मग ती आणि ब्रॉन्विन चाळणीच्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसल्या. गवत बाजूला सारून हातांनी खळगा केला, राख ओतली आणि वर तीच बारीक, खडे वेचलेली माती ओढली. साहेबांनी टोपी काढली आणि, खरं सांगायला हवं, तेही खाली बसून माती लोटू लागले. बायकांनी रीतीप्रमाणे फांद्यांनी भोवतालची पावलं पुसून काढली, गेलेलीला मागे वळायला माग उरू नये म्हणून. सगळं व्हायचं तसं झालं. लॉर्ना हात झटकून उठली तरी कांबळं हललं नव्हतं.

"काय म्हणाली?" कांबळ्यामागून आवाज आला.

इतकी वर्षं तो हे विचारायचा तेव्हा उत्तर त्याला आधीच ऐकू गेलेलं असायचं. आज त्याला काही ऐकू आलं नव्हतं. लॉर्नाने ढिगाकडे बघितलं आणि मग कांबळ्याकडे.

"म्हणते," ती म्हणाली, "आधी चहा."

मग पलीकडच्या कडेने जांगाला बाहेर पडला, पाठ फिरवूनच, आणि टेकडीच्या अंगाला आपल्या जुन्या जागी जाऊन काटक्या मोडू लागला.